नवरा-बायकोतला विषाणू एकच आहे का, हे कसं शोधायचं

गेली सोळा वर्षं मी रक्तातले विषाणू मोजते आणि त्यांच्या जनुकांची अक्षरं वाचते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आमची लॅब आहे. तिथे वर्षातून चार-पाच वेळा तरी एखादं जोडपं समोर बसतं, दोघांच्या हातात हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृतावर हल्ला करणारा विषाणू, पॉझिटिव्ह असल्याचे रिपोर्ट असतात, आणि सोबत आलेला दीर किंवा भाऊ खालच्या आवाजात विचारतो, "मॅडम, कुणाकडून कुणाला झालं ते कळतं का हो?"

काही अंशी कळतं. ते कसं कळतं आणि कुठे थांबावं लागतं, हे मी नुकत्याच लॅबमध्ये लागलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. अशी जोडपी ज्यांच्या दवाखान्यात आधी येतात, त्या डॉक्टरांनीही वाचावं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. हे तंत्र "नाही" ठामपणे सांगतं, "हो" जपून सांगतं, आणि "कोणाकडून कोणाला" हे बहुतेक वेळा सांगतच नाही.

एका जोडप्याची हकिगत धरून पुढे जाते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा कळलं. आपल्याकडे बऱ्याच लोकांना हे असंच, दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त दिल्यावर कळतं. नवरा दोन वर्षं डायलिसिसवर. डायलिसिस सुरू करताना त्यांची तपासणी निगेटिव्ह होती, आता पॉझिटिव्ह. घरच्यांनी हिशेब करून टाकला होता: ते निगेटिव्ह होते, ही आधीपासूनची असणार, म्हणजे हिनेच दिलं. बाईंचं ताट-वाटी वेगळं झालं होतं. जेवणातून, ताटातून हा विषाणू पसरत नाही. पण ते सांगून ताट परत येत नव्हतं.

रक्त काढण्याआधी ऐकून घ्या

दोघांना वेगवेगळं बसवा. हे मी आग्रहाने सांगते. नवऱ्यासमोर बायको आणि बायकोसमोर नवरा अर्धंच बोलतो. संमतीचा कागदही दोघांचा वेगळा घ्या. त्यात स्पष्ट लिहा, की निकाल जोडीदाराबद्दलही काही सांगू शकतो, आणि एकाने नको म्हटलं तर काम तिथेच थांबेल. "दोघांची सही एकाच कागदावर चालेल ना?" असं विचारतात. चालत नाही.

मग इतिहास. रक्त कधी चढवलं? कोणत्या साली? कोणतं ऑपरेशन, कोणतं बाळंतपण? गावच्या डॉक्टरकडे सलाइन आणि इंजेक्शन घ्यायची सवय होती का, आणि सुई उकळून वापरायचे त्या काळात का? दात कुठे काढला? गोंदवून कुठे घेतलं, जत्रेत का? दाढीचा वस्तरा, नखं काढायचं नेलकटर, साखर मोजायची सुई घरात एकच आहे का? विवाहबाह्य संबंधांबद्दलही विचारावं लागतं, पण ते शेवटी आणि एकटं असताना. जोडप्याला आणि घरच्यांना हाच प्रश्न पहिला सुचलेला असतो. विज्ञानाच्या दृष्टीने हेपॅटायटिस सीमध्ये तो बराच खाली येतो.

किती खाली, त्याचे आकडे आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात पाचशे जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. प्रत्येक जोडप्यातल्या एकाला हेपॅटायटिस सी होता. पाचशे जोडीदारांपैकी वीस जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे चार टक्के. पण विषाणूचा प्रकार जुळला तो फक्त नऊ जोडप्यांत, आणि अक्षरं वाचल्यावर खरोखर जवळचं नातं दिसलं ते तीनच जोडप्यांत. वरच्या बाजूने धरलेला अंदाज निघाला साधारण एक लाख नव्वद हजार संबंधांमागे एक लागण. इटलीत ८९५ एकनिष्ठ जोडप्यांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास २००४ चा. त्या काळात तीन जोडीदारांना नव्याने लागण झाली. तिन्ही विषाणू तपासल्यावर कळलं, की एकही घरातून आलेला नव्हता. जनुकं वाचली नसती तर त्या तिघांच्या नावापुढे "जोडीदाराकडून" असंच लिहिलं गेलं असतं.

आमच्या बाईंनी सहज सांगितलं, १९८८ साली पहिल्या बाळंतपणात अंगावरून फार गेलं होतं, दोन बाटल्या रक्त चढवलं. आईने नंतर नारळ वाढवला होता म्हणून साल लक्षात राहिलं. हेपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. बाईंना रक्त चढलं तेव्हा त्याला नावही नव्हतं, मग रक्तपेढीत तो तपासणार कोण? मी ते साल वहीत लिहून त्याभोवती गोल केला आणि गप्प राहिले. इतिहास हा संशय असतो. तो झाडाच्या, म्हणजे विषाणूंचं नातं दाखवणाऱ्या वंशवृक्षाच्या, निकालाआधी मोठ्याने बोलून दाखवायचा नसतो.

नमुना: इथे बिघडलं की पुढे काही सुधारत नाही

गोळ्या सुरू होण्याआधी रक्त घ्या. सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विर सुरू झालं की थोड्याच आठवड्यांत विषाणू रक्तात सापडेनासा होतो. रुग्णाच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, पण वाचायला काही उरत नाही. म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांना माझी एकच विनंती असते. उपचार एक दिवसही लांबवू नका, फक्त पहिल्या गोळीआधी एक जादा ट्यूब काढून पाठवा. आम्ही ती उणे ऐंशी अंशाला ठेवतो. तपास करायचा की नाही, ते महिन्याने ठरवलं तरी चालतं.

ट्यूब जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची. हिरव्या टोपणाची नको. तिच्यात हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध असतं, आणि हेपरिन पीसीआर, म्हणजे विषाणूचा तुकडा वाचण्याइतका वाढवायची क्रिया, अडवतं. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त तर मशीन जोडण्याआधीच घ्यायचं, कारण मशीन चालू करताना हेपरिन त्याच्या अंगातच देतात. आमच्या या जोडप्यातल्या नवऱ्याचा पहिला नमुना डायलिसिसनंतर काढला होता. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, लाखांत, आणि पीसीआरची पट्टी कोरी. नव्या मुलीला वाटलं प्रायमर, म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, बिघडले. मी ट्यूबवर लिहिलेली वेळ बघितली.

सहा तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा, तीन-चार छोट्या ट्यूबांत वाटा आणि गोठवा. एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवली की आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय पट्टी, तुटत जातो.

आधी हेही बघा, की विषाणू रक्तात आहे का. साधी तपासणी अँटिबॉडीची असते, आणि अँटिबॉडी म्हणजे पूर्वी कधीतरी पाहुणा येऊन गेल्याची खूण. शंभरातल्या तीसेक जणांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत आपणहून निघून जातो. जोडीदाराची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह असेल, तर जनुकांच्या वाटेने काहीच सांगता येणार नाही. तसं त्यांना त्याच दिवशी सांगावं, ताटकळत ठेवू नये.

दोघांचे नमुने एकत्र चालवू नका

हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या हातून चूक झाली ती इथेच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका जोडप्याचे दोन नमुने मी एकाच सकाळी, एकाच रॅकमध्ये, शेजारी-शेजारी ठेवून चालवले. निकाल आला: ३४० पैकी ३४० अक्षरं सारखी. मला फार आनंद झाला होता. आमच्या सरांनी कागद बघितला आणि विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "बावीस." ते म्हणाले, "बावीस वर्षांत दोन अंगांत राहून विषाणू एक अक्षरही चुकला नाही?" मी दुसऱ्या, न उघडलेल्या ट्यूबा काढून दोन्ही नमुने आठवड्याच्या अंतराने पुन्हा चालवले. बायकोचा विषाणू वेगळाच निघाला. पहिल्या वेळी नवऱ्याच्या नमुन्यातला एखादा सूक्ष्म थेंब तिच्या ट्यूबमध्ये गेला होता. तिच्यात विषाणू कमी होता, त्याच्यात भरपूर, त्यामुळे तिच्या नावावर त्याचीच अक्षरं आली. तो कागद तसाच बाहेर गेला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही कधी रात्री येतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. जोडप्यातला एक नमुना या आठवड्यात, दुसरा पुढच्या आठवड्यात. मध्ये हूड पुसायचं, फिल्टरच्या टिपा नव्या डब्यातून. प्रत्येक खेपेला पाण्याचा कोरा नमुना सोबत. नेस्टेड, म्हणजे लागोपाठ दोन फेऱ्यांचा, पीसीआर करताना दुसऱ्या फेरीची ट्यूब पहिल्या खोलीत परत आणायची नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. ट्यूबवर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, हे काम करणाऱ्याला ठाऊक नसावं. आणि जुळणी आली तर ती न उघडलेल्या ट्यूबवरून पुन्हा यायलाच हवी. दोनदा आली नाही तर ती आलीच नाही असं समजायचं.

कोणता तुकडा वाचायचा

हेपॅटायटिस सीचा विषाणू म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांची आरएनएची एक पट्टी. ती सगळीकडे सारख्या वेगाने बदलत नाही. अगदी सुरुवातीचा तुकडा जवळजवळ गोठलेला असतो, म्हणून व्हायरल लोडच्या किट त्यावर बनवतात. नात्याच्या तपासाला तो निरुपयोगी आहे, कारण तिथे जालन्याचा आणि जपानचा विषाणूही सारखाच दिसू शकतो. दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या आवरणाच्या जनुकात एचव्हीआर१ नावाचा ८१ अक्षरांचा तुकडा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्या मागे लागलेली असते, म्हणून तो झपाट्याने रूप बदलतो. काही महिन्यांपूर्वीची लागण शोधायला तो उत्तम, पण वीस वर्षांच्या संसाराला तो एकटा पुरत नाही. मधला मार्ग म्हणून आम्ही एनएस५बी जनुकातला सुमारे ३४० अक्षरांचा तुकडा आधी वाचतो, आणि तिथे जवळीक दिसली तरच आवरणाच्या जनुकाकडे वळतो.

जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा मुख्य प्रकार, जुळला की विषाणू एकच, असं समजणारे डॉक्टर मला अजून भेटतात. भारतात जीनोटाइप ३ सगळ्यात जास्त आढळतो, त्याखालोखाल १. दोघांना ३ए हा उपप्रकार निघाला, तर एवढंच कळलं की दोघं मराठी बोलतात. भाऊ आहेत की नाही, ते कळलं नाही. उलट, एकाला ३ए आणि दुसऱ्याला १बी निघाला, तर बहुतेक वेळा तपास तिथेच संपतो. एकाच अंगात दोन विषाणू असण्याची शक्यता क्वचित असते. इतिहासात जोखमीच्या जागा बऱ्याच असतील तर ती मनात ठेवा.

आमच्या जोडप्यात दोघांनाही ३ए निघाला होता. तो कागद माझ्याकडे येण्याआधीच घरी पोचला होता, आणि घरच्यांच्या हिशेबावर जणू शिक्का बसला होता.

अक्षरं ताडून बघणं

सँगर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अक्षराचं रंगीत शिखर आलेखावर दाखवणाऱ्या पद्धतीने, तुकडा दोन्ही बाजूंनी वाचा आणि आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. संगणकाने लिहून दिलेली अक्षरं तशीच उचलू नका. कुठे एकाच जागी दोन शिखरं असतात, निळं सी आणि त्याच्या पोटात लाल टी. संगणक उंच शिखराचं अक्षर लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या माणसाच्या अंगात दोन्ही नकला वावरत असतात. अशी जागा नोंदवून ठेवा, पुढे कामाला येते.

आता मुख्य कल्पना. पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक आठवा. एकाने नक्कल करताना एक शब्द चुकवला, की त्याच्या पोथीवरून ज्यांनी नक्कल केली त्या सगळ्यांत ती चूक उतरली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. कुठली पोथी कुठल्या घराण्यातली, हे ठरवलं ते पाठभेद ताडूनच. बरोबर शब्द तर सगळ्यांतच सारखे असतात, नातं सांगतात त्या सामाईक चुका. विषाणूही स्वतःची नक्कल करताना चुकतो, आणि त्या चुका तपासणारं त्याच्याकडे कुणी नसतं. म्हणून दोन विषाणूंत किती अक्षरं सारखी आहेत यावर खूश होऊ नका. त्यांच्यात सारखा आणि बाकी कुणातच नाही, असा बदल आहे का ते बघा.

पण "बाकी कुणातच नाही" म्हणायला बाकीचे लागतात. नवशिक्यांचं काम इथे कमी पडतं. दोन नमुने घेऊन दोघांतच तुलना केली तर ते नेहमीच जवळचे वाटतील. तुलनेला त्याच भागातले, त्याच उपप्रकाराचे, या जोडप्याशी संबंध नसलेले निदान वीस-तीस विषाणू हवेत. आम्ही जिल्ह्यातले जुने नमुने एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, नाव काढून वापरतो. दोघांपैकी कुणाचा दवाखान्याशी वारंवार संबंध आला असेल तर तिथले नमुनेही मिळवा. शिवाय जेनबँक या जनुकांच्या जागतिक संग्रहात ब्लास्ट नावाचा शोध चालवून आपल्या विषाणूला सगळ्यात जवळचे जे दहा-बारा निघतील ते आवर्जून घाला. तुमचा निष्कर्ष मोडू शकतील असे नातेवाईक तेच. ३एचं झाड करताना बाहेरचा म्हणून एखादा ३बी ठेवा, म्हणजे मूळ कुठे ते ठरतं.

पुढचं काम संगणकाचं आहे आणि ते फार अवघड नाही; माफ्ट, मेगा, आयक्यू-ट्री ही त्यासाठीच्या प्रोग्रॅमची नावं. माफ्टने सगळी अक्षरं एकाखाली एक लावायची, मेगामध्ये उघडून दोन्ही टोकं कापायची, आयक्यू-ट्रीने झाड काढायचं, हजार बूटस्ट्रॅप द्यायचे. बूटस्ट्रॅप म्हणजे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा उलटसुलट निवडून झाड काढून बघणं, आणि हजारांतून किती वेळा हे दोघं एकाच फांदीवर बसले ते मोजणं. नव्वद टक्क्यांच्या वर असेल आणि त्या फांदीवर तिसरं कुणी घुसलेलं नसेल, तर मी "जवळचं नातं" हा शब्द वापरते. सत्तरच्या आत असेल तर वापरत नाही. मधलं असेल तर आणखी लांब तुकडा वाचते.

अंतराचाही हिशेब मांडा. हा विषाणू वर्षाला दर हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर बदलतो. लागण दहा वर्षांपूर्वी घरातच झाली असेल, तर तेव्हापासून दोन्ही अंगांत दहा-दहा वर्षं बदल साठले, मिळून हजारात वीस. म्हणजे ३४० अक्षरांत सातच्या आसपास फरक निघावा. हा अंदाज आहे, माणसागणिक बराच वरखाली होतो, पण पायाखाली काहीतरी ठाम येतं. याच कारणाने, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या संशोधकांनी एचव्हीआर१साठी सुचवलेली ३.७७ टक्क्यांची मर्यादा जुन्या संसारांना डोळे मिटून लावू नका. ती ताज्या साथींसाठी आहे.

आमच्या जोडप्याचे कागद मी एका शनिवारी दुपारी पडद्यावर लावले. नवऱ्याला डायलिसिस सुरू होताना विषाणू नव्हता, म्हणजे लागण दोन वर्षांच्या आतली. बायकोकडून आला असता तर एक-दोन अक्षरांचा फरक अपेक्षित होता. निघाला तेवीस अक्षरांचा. ओळी एकाखाली एक सरकवत गेले. बहुतेकांना जिथे जी होता तिथे नवऱ्याला ए. पुढे थोड्या अंतरावर सगळ्यांना सी, नवऱ्याला टी. बायकोच्या ओळीत या दोन्ही जागी इतरांसारखंच. मग खाली, तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांत, आणखी दोन ओळींवर तेच ए आणि तेच टी दिसले. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. त्या दोन ओळींचे आकडे वहीत शोधले. दोघंही त्याच डायलिसिस केंद्रातले रुग्ण होते. नवऱ्यात आणि त्यांच्यात फरक होता एक आणि तीन अक्षरांचा. झाड काढलं तेव्हा तिघं एका फांदीवर बसले, आणि बाई लांब, एकट्या एका लांब फांदीवर.

केंद्राला आम्ही लेखी कळवलं. त्यांनी एकाच कुपीतून अनेकांना हेपरिन देणं त्याच आठवड्यात बंद केलं आणि सगळ्या रुग्णांची पुन्हा तपासणी केली.

झाड जुळलं तर

कधी जुळतंही. तेव्हा जास्त जपून बोलायचं असतं, कारण एका फांदीवर दोघं बसण्याच्या तीन वाटा आहेत. पहिलीकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून पहिलीला, किंवा दोघांना तिसऱ्या कुणाकडून. एकाच गावात, एकाच डॉक्टरकडे, एकाच उन्हाळ्यात दोघांनी सलाइन घेतलं असेल तर झाड अगदी असंच दिसतं. ज्याचं रक्त आपल्याकडे आलंच नाही, तो माणूस झाडावर दिसत नाही.

दिशा सांगायचा एक मार्ग आहे. एका माणसाच्या अंगात एकच विषाणू नसतो, थोड्याथोड्या फरकाच्या नकलांचं अख्खं गोकुळ असतं. देणाऱ्याच्या गोकुळातली एखादीच नक्कल घेणाऱ्याकडे जाते, म्हणून खोल सिक्वेन्सिंग, म्हणजे अशा असंख्य नकला वेगवेगळ्या वाचणं, केल्यावर घेणाऱ्याच्या सगळ्या नकला देणाऱ्याच्या झाडात एका फांदीवर एकत्र बसलेल्या दिसतात. आलेखातली ती दोन शिखरं याचीच छोटी झलक असते. स्पेनमधल्या वालेन्सियात एका भूलतज्ज्ञाकडून रुग्णांना लागण झाल्याच्या खटल्यात असंच काम झालं होतं. चार हजारांहून जास्त अनुक्रम वाचले, ३२२ माणसं तपासली, त्यांतली ४७ जनुकांवरून साथीतून वगळली आणि २७५ राहिली. तिथे भौगोलिक तुलनेचे नमुने होते, इस्पितळाच्या तारखा होत्या, काही वर्षांचं काम होतं. नवरा-बायकोच्या बाबतीत, लागण जुनी असली की देणाऱ्याच्या त्या जुन्या नकला मरून गेलेल्या असतात आणि खूण पुसट होते. अशा कागदावरून मी दिशा लिहिलेली नाही. वकिलाने मागितली तेव्हाही नाही.

हेपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी आहे

लोक दोन्हींना पांढरी कावीळ म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. बीचा विषाणू डीएनएचा, सुमारे ३,२०० अक्षरांचा, आणि सीपेक्षा खूपच सावकाश बदलणारा. एकाच भागातल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांतही एस जनुक, म्हणजे बाहेरच्या आवरणाचं जनुक, अक्षरशः सारखं निघू शकतं. म्हणून वाचायचंच असेल तर पूर्ण ३,२०० अक्षरं वाचा, आणि तरीही "सारखं" याचा अर्थ फार ताणू नका.

बहुतेक वेळा तिथवर जायची गरजही पडत नाही. बी जोडीदाराला संबंधांतून सहज लागू शकतो, त्यावर वाद नाही. पण निरोगी प्रौढाला लागला तर शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या शरीरातून तो निघून जातो. जोडीदाराच्या रक्तात मग फक्त अँटिबॉडी उरतात आणि वाचायला अक्षरंच नसतात. आणि ज्याच्या अंगात तो वर्षानुवर्षं टिकलाय, त्याला तो बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी लागलेला असतो, लग्नाच्या कितीतरी आधी. इथे करायचं काम साधं आहे. जोडीदाराची तपासणी करा, निगेटिव्ह असेल तर लस द्या: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजा, दहा युनिटच्या वर हवी. मुलांनाही तपासा.

रिपोर्ट कसा लिहायचा

आमच्या जोडप्याच्या रिपोर्टवर मी जे लिहिलं ते असं: "दोन्ही नमुन्यांत उपप्रकार ३ए. एनएस५बी तुकड्यात ३४० पैकी २३ अक्षरांचा फरक. दोन्ही विषाणू एकमेकांचे निकटचे नातेवाईक नाहीत. या जोडीदारांमध्ये एकमेकांकडून लागण झाल्याला या तपासणीत आधार मिळत नाही." डायलिसिस केंद्रातल्या दोन रुग्णांचा उल्लेख या कागदावर नव्हता. तो त्यांचा खासगी मामला, केंद्राकडच्या वेगळ्या पत्रातला. बाईंचा विषाणू १९८८ च्या रक्तातून आला असंही लिहिलं नाही. ते शक्य आहे, सिद्ध करायला ते रक्त माझ्याकडे नाही.

"दोषी", "स्रोत", "कारणीभूत" हे शब्द रिपोर्टमध्ये येऊ देऊ नका. टक्के लिहा, तुकड्याचं नाव लिहा, तुलनेला किती नमुने होते ते लिहा. रिपोर्ट दोघांना वेगवेगळा द्या आणि तोंडी समजावून सांगा, कारण घरी तो कुणीतरी मोठ्याने वाचणार असतो.

मी बाईंना आधी बोलावलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "यात माझं नाव खाली का लिहिलंय?" नमुने ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहिले होते, एवढंच. मी नवा कागद छापून दोघांची नावं एका ओळीत घेतली. मग त्या म्हणाल्या, "हे माझ्या थोरल्या जावेला कळेल अशा भाषेत एकदा सांगा, मी फोन लावते." फोनवर मी सांगितलं, की दोघांच्या अंगातले विषाणू वेगवेगळ्या घरचे आहेत, आणि ताटा-वाटीतून हा आजार होत नाही. पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता. मग "बरं" एवढंच.

औषध राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळालं. २०१८ च्या जुलैपासून तपासणी आणि गोळ्या त्यातून मोफत आहेत. दोघांच्या गोळ्या एकाच सोमवारी सुरू झाल्या, बारा आठवडे. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी दोघं आरएनएची शेवटची तपासणी करायला आली, तेव्हा नवऱ्याने मशीनची वेळ चुकू नये म्हणून सकाळी सातलाच येऊन बाकावर बसून घेतलं होतं. डबा बाईंनी आणला होता, आणि दोघं एकाच डब्यातून खात होती. दोन्ही ट्यूबा जांभळ्या टोपणाच्या, सवयीने मी वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवल्या.